नखात माती असेल तर बोल

आजोबांनी शेतासाठी दोनच नियम करून ठेवले होते आणि दोन्ही त्यांच्यासारखेच खडूस होते. पहिला: जमिनीबद्दल तोंड उघडायचं तर त्या दिवशी नखात माती पाहिजे. कोरड्या हातांनी सल्ले देणाऱ्यांचा त्यांना भारी तिटकारा. दुसरा: जमीन दुसऱ्याच्या हाती द्यायची तर घरातल्या एकाचाही नकार पुरे. मात्र जो नाही म्हणेल त्याने खालचा पट्टा सांभाळायचा.

खालचा पट्टा म्हणजे हरळीचं माहेरघर. वरून उपटली की ती खालून हसते. या शेतात फवारणीचं नाव कुणी काढलेलं नाही, त्यामुळे गुडघे टेकायचे, खुरपं घ्यायचं आणि मुळाच्या मागे मागे जायचं. नुसतं तोंडाने नाही म्हणणं फार सोपं असतं, असं आजोबांचं म्हणणं. आजोबा गेले, नियम राहिले.

भिंगरी शाळेतून धावत आली ती थेट भाज्यांच्या शेडमध्येच. तिचं खरं नाव हजेरीपुरतं. एका जागी पाय ठरेना म्हणून घरात सगळ्यांची भिंगरीच. शेडमध्ये ओल्या गोणपाटांचा आणि मुळ्याच्या पाल्याचा वास भरला होता. बाबा उलट्या क्रेटवर गुडघा चोळत बसले होते, आई वजनकाट्यापाशी होती, आत्या पालकाच्या जुड्या बांधत होती. आणि मधोमध, बाह्या दुमडून, शहरातले काका.

काका एकटे आले नव्हते. फाटकाबाहेर गाडीला टेकून एक टायवाला उभा होता. त्याच्या कंपनीने आजूबाजूची सगळी शेतं भाड्याने घेतली होती. उरलं होतं हे एकच, दातात अडकलेल्या कणासारखं. हे मिळालं की मधली झुडपांची कुंपणं काढायची, सगळं सपाट करायचं, एकच पीक घ्यायचं आणि मोठ्या यंत्राने फवारायचं. करार इतक्या लांब मुदतीचा होता की तो संपेपर्यंत भिंगरीच्या डोक्यावर पांढरे केस आले असते.

काकांनी आधी हात पुढे केले. दहाही नखं काळी. सकाळपासून ते गाजराच्या वाफ्यात बसले होते म्हणे, आणि आत्यालाही कबूल करावं लागलं की एकही रोप चुकीचं उपटलं नव्हतं. मग ते बोलले, आणि बोलले ते खोटं नव्हतं. दादाच्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. वहिनीची पाठ त्याच वाटेवर आहे. एवढंसं शेत माणसाला खाऊन टाकतं. बाबा खाली बघत हो म्हणाले. आईने बाबांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि तीही हो म्हणाली. आत्याच्या हातातली जुडी सुटली. मन नाहीच म्हणतंय, ती म्हणाली, पण खालचा पट्टा आता आपल्याच्याने व्हायचा नाही, आणि ज्याचं ओझं उचलता येत नाही तो शब्द कशाला काढायचा. तिने पुढची जुडी बांधायला घेतली.

भिंगरीने तोंड उघडलं, तोच काकांनी तिचे हात धरून उलटेपालटे केले. स्वच्छ, गुलाबी, साबणाच्या वासाचे. आज प्रयोगशाळेत बाईंनी हाताला ब्रश लावायला लावला होता. रोज काळी नखं घेऊन फिरणारी पोर नेमकी आजच चकचकीत होऊन आली होती.

नियम म्हणजे नियम, काका म्हणाले. आत्ता बाहेर जाऊन हात बरबटवलेस तर ते नाटक होईल. त्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून तर भिंगरी जास्तच पेटली.

ती मटकन क्रेटवर बसली. बूट काढले, मोजे काढले आणि उजवा पाय सरळ वजनकाट्यावर ठेवला. सकाळी अनवाणीच वाफ्यांना पाणी दिलं होतं, शाळेला उशीर झाला तसे ओल्या पायांवरच मोजे चढवले होते. अंगठ्याच्या नखात माती अशी बसली होती की ब्रशनेही हलली नसती.

"आजोबा नखं म्हणाले होते," ती म्हणाली. "हाताची असं कुठे म्हणाले?"

आत्याला हसू आवरेना. बाबांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. काटा मात्र आधी पुसून घे, आई म्हणाली.

"बोल मग," काका म्हणाले.

"नाही. माझा नकार आहे."

काका तिच्यासमोर उकिडवे बसले आणि कुणीच न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला. दोन-चार वर्षांत तू शिकायला जाशील. तेव्हा हे कोण करणार?

सगळे तिच्याकडे बघत होते. इथेच राहीन म्हणणं सोपं होतं, पण ते खरं आहे की नाही हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"राहीन की जाईन, मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही गेलात ना काका, तेव्हा मागे हे होतं. आज सकाळी बसलात वाफ्यात, तेही हे होतं म्हणून. एकदा ही माती मेली की मी परत यायचं ठरवलं तरी येऊ कुठे? माझा निर्णय तुम्ही आजच का घेऊन टाकताय?"

काकांनी आपल्या नखांकडे पाहिलं. मग उठत म्हणाले, "हट्टाने शेत चालत नाही, पोरी."

"हट्टाशिवाय पण नाही चालत."

काकांचं मत बदललं नाही. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण नकार पुरेसा होता. टायवाल्याला सांगायला ते निघाले, तर भिंगरी आडवी आली. माझा नकार, मीच सांगणार. आणि गेली, तशीच अनवाणी, युनिफॉर्मवर. टायवाल्याने तिच्या डोक्यावरून मागे पाहत विचारलं, घरातलं मोठं कोणी नाही का? आहेत की, भिंगरी म्हणाली, पण ते माझं ऐकतायत. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ, तो म्हणाला. या, ती म्हणाली, पुढच्या वर्षीही नाहीच म्हणेन, आणि मी नसले तर म्हणणारं कोणीतरी शिकवून ठेवेन.

गाडी गेली. भिंगरी खालच्या पट्ट्यात उतरली आणि पहिल्याच झुबक्याला भिडली. हरळीचं मूळ ओढावं तेवढं लांबत गेलं, मग कट्कन तुटलं. अर्धं आतच राहिलं. तिने दात-ओठ खात शिवी हासडली, इतकी सणसणीत की वरून बाबांनी खोकून दाखवलं.

मग बाबा लंगडत बांधापर्यंत आले आणि आपलं खुरपं खाली टाकलं, पात्याला नुकतीच धार लावलेलं.

"ओढू नको," ते म्हणाले. "आधी भोवतीची माती सैल कर. तिला वाटू दे की आपल्याला घाई नाही."