जुन्या प्रतीतला निरोप

तिने दुसऱ्या सर्व्हरची केबल उपटली आणि ती तशीच हातात धरून भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. चार हिरव्या ठिपक्यांपैकी एक लाल झाला.

"मेला!" भोंगा आनंदाने ओरडला. त्याचं खरं नाव ऑफिसात फक्त पगाराच्या दिवशी निघायचं. "आता बघू, बाकीचे तिघे सांभाळतात का."

सांभाळलं त्यांनी. त्या सर्व्हरवर तपासणीच्या एका लॅबची साइट होती. ती क्षणभर अडखळली आणि दुसऱ्या मशीनवरून मुकाट चालू झाली. लॅबमध्ये रिपोर्ट शोधत बसलेल्या कुणाला पत्ताही लागला नसेल.

आठवडाभर हेच चाललं होतं. दुसऱ्या एका कंपनीचे सर्व्हर पाण्यात गेल्यापासून गिऱ्हाइकांचं धाबं दणाणलं होतं, आणि जो तो विचारत होता, आमचं काय? साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"समजा आग लागली, पूर आला, नाहीतर आपल्यातल्याच एखाद्या शहाण्याने सगळं पुसून टाकलं. कुठली साइट आधी उठवायची, कुठल्या प्रतीवरून, किती वेळात, सगळं ठरव. आणि नुसतं कागदावर नको, करून दाखव."

असली कामं तिच्याच गळ्यात पडायची. ऑफिसात तिला सगळे बॅकअपबाई म्हणत, आणि ते नाव नवऱ्याने उचलून घरी नेलं होतं. "आमच्या बॅकअपबाईंच्या घरात मिठाच्यासुद्धा दोन बरण्या," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. जानेवारीत तो गेला. तेव्हापासून घरात ती आणि सासूबाई.

आता एकच चाचणी उरली होती. साठवलेली सगळ्यात जुनी प्रत उघडते का, ते पाहायचं होतं. न उघडलेल्या प्रतीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. लॅबची गेल्या वर्षीच्या मार्चमधली प्रत तिने एका रिकाम्या मशीनवर चढवली. अशी जुनी प्रत जागी झाली की तिला वाटतं, आजही तोच दिवस आहे. तेव्हाची अर्धवट कामं ती पुढे करायला लागते. म्हणून आधी तिचं तोंड बांधायचं असतं. ईमेल बाहेर जाण्याची वाट तिने बंद केली. फोनवर जाणाऱ्या मेसेजची वाट वेगळी होती, ती मात्र तिच्या डोक्यातून साफ निसटली.

प्रत झकास उघडली. साहेब बाहेर येऊन टाळी वाजवणार, तेवढ्यात भोंग्याचा आवाज एकदम खाली आला.

"बाई, हे काय जातंय बाहेर?"

ती झेपावली आणि तिने केबल ओढली. तोवर तीसेक मेसेज गेले होते. प्रत बनली त्या क्षणी जे निघायच्या बेतात होते, ते दीड वर्षाने पुन्हा निघाले होते, जिवंत माणसांच्या फोनवर.

"बोंबला!" साहेब म्हणाले. "आता लॅबवाल्यांना मी काय तोंड दाखवू?"

तिचे कान तापले. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. माफीचा मजकूर लिहायला ती बसते न बसते तोच तिचा फोन थरथरला. सासूबाई होत्या.

सासूबाई ऑफिसच्या वेळात कधी फोन करत नसत. घरीसुद्धा दोघी कामापुरतंच बोलत. दवाखान्याच्या जिन्यात त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "एका घरात राहून तुला दिसलं कसं नाही गं?" पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही. काढायची गरजही नव्हती. तोच प्रश्न ती स्वतःला रोज विचारत होती.

"अगं, त्याच्या फोनवर मेसेज आलाय."

मुलाचा फोन त्यांनी बंद पडू दिला नव्हता. रोज चार्ज करायच्या, आणि कुणा लांबच्या ओळखीच्या माणसाचा फोन आला तर, तो आता नाही, हे स्वतःच्या तोंडाने सांगायच्या.

"काय मेसेज, आई?"

चष्मा शोधून सासूबाई एकेक शब्द सुटा करत वाचू लागल्या. "आपला तपासणी अहवाल तयार आहे. दोनदा कळवूनही आपण तो नेलेला नाही. विलंब न करता डॉक्टरांना भेटावे." त्या थांबल्या. "नाव नाही कुणाचं. त्याचे रिपोर्ट तर सगळे आपल्या कपाटात आहेत. मग हा आता कुठला?"

"बघते. पाच मिनिटांत करते फोन."

चाचणीच्या मशीनवर, त्या जुन्या प्रतीत, तिने त्याचा नंबर टाइप केला. तो बोटांना पाठ होता. ओळ वर आली. तारीख मार्चची. तिच्याआधी आणखी दोन ओळी होत्या, त्याच महिन्यातल्या, त्याच अहवालाच्या.

आणि घरी त्याने सांगितलं होतं नोव्हेंबरमध्ये. पलंगाच्या कडेवर बसून, मोजे काढता काढता. "पोट जरा सारखं दुखतंय, दाखवून येऊ का?" जणू तेव्हाच सुरू झालं होतं. त्याच्या आधीचे सगळे महिने काय, तर अॅसिडिटी. सासूबाई त्याच्या फोनमधले फोटो पाहत तासन्‌तास बसायच्या, त्यांना हे मेसेज कधी दिसले नव्हते. म्हणजे आले तसे त्याने पुसले होते.

"सांगायला काय झालं होतं रे तुला?" ती मोठ्याने म्हणाली. भोंग्याने वळून पाहिलं आणि पटकन मान फिरवली.

तिला भयंकर राग आला. माणूस समोर असता तर तिने त्याला गदागदा हलवलं असतं. आणि रागाच्या मागोमाग, लाज वाटावी इतकं हलकंही वाटलं. बघा आई, मला दिसलं नाही हे खरं, पण त्याला माहीत होतं. त्यानेच लपवलं. वाक्य जिभेवर तयार होतं. जिन्यातल्या त्या प्रश्नाचं उत्तर एका फोनवर देता आलं असतं.

तिने नंबर लावायला घेतला आणि तिची नजर पुन्हा तारखेवर गेली. मार्च. त्या मार्चमध्ये सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. दीड महिना तो त्यांच्या उशाशी होता, रजा काढून. त्यांना धरून चालवायचा, ओरडायचा, हसवायचा. कुणी काही विचारलं की म्हणायचा, "आधी आईचं होऊ दे."

पहिल्याच रिंगला सासूबाईंनी फोन उचलला.

"आई, चूक आमचीच आहे. आज चाचणी करत होतो, त्यात मेसेज भलत्याच नंबरांवर गेले. तो त्याचा नाही."

"म्हणजे दुसऱ्या कुणाचा?"

"हो."

मागे नळ वाहत होता, तो बंद झाला.

"अगं मग त्या माणसाला कळलंच नसेल की!" सासूबाईंचा आवाज चढला. "आधी त्याला फोन कर. मेसेज नको, फोन कर. आणि घरच्यांशी बोल. बाप्ये अंगावर काढतात."

"करते, आई."

"नक्की कर हं."

दुपारी माफीचे मेसेज गेले. त्या एका नंबरवर तिने पाठवला नाही. साहेबांनी लॅबला फोन करून गयावया केली, तिने आराखड्यात दुसरी वाटही बंद करण्याची सूचना घातली. चाचणीचं मशीन पुसायची वेळ झाली तेव्हा भोंगा म्हणाला, "मी करतो, तुम्ही दमलात."

"राहू दे," ती म्हणाली. तिनेच पुसलं.

घरी पोचली तर सासूबाई दारातच उभ्या. चपला काढायलाही त्यांनी वेळ दिला नाही.

"लागला का फोन?"

"लागला."

"काय म्हणाला?"

ती खाली वाकून चपलेचा पट्टा सोडवत राहिली. "आधी घाबरला. मग म्हणाला, उद्याच जातो."

"घरी कोण कोण आहे त्याच्या?"

"बायको आहे. आई आहे."

"त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं."

सासूबाईंनी भिंतीचा आधार घेतला आणि हळूहळू स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्या स्वतःच्या गुडघ्यांवरून हात फिरवत राहिल्या.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "वेळेत कळलं. आता त्या पोरीला कुणी बोल लावणार नाही."

"नाही, आई," ती म्हणाली.