मॅकगोल्ड्रिकांची हनुवटी

दुपारच्या बातम्या संपल्या की आमच्या रेडिओवर मेलेल्यांची नावं वाचतात. तेवढा वेळ आयर्लंडच्या ह्या आमच्या लीट्रिम परगण्यात कुणी कुणाशी बोलत नाही.

"मॅटी गॅफ्नी, राहणार किल्टीब्रॅक. डिम्पना यांचे पती, ग्रॉन्या यांचे वडील. उद्या दुपारी तीनपासून घरी अंत्यदर्शन. घर सर्वांना खुलं."

सर्वांना.

डिम्पना माझी आई.

*

फोनवरची बाई, दत्तक खात्यातली, दोन वर्षांपूर्वी. कायदा असा आहे की दत्तक गेलेल्याला त्याच्या जन्माचे कागद मिळतात. पण जन्मदात्रीने 'संपर्क नको' असं कळवून ठेवलेलं असेल, तर आधी तिची ती इच्छा फोनवर नीट समजावून सांगतात. मग कागद.

"समजलं ना, इमेल्डा?"

"समजलं."

"त्यांना खाजगीपणाचा हक्क आहे."

"हो."

"आणि तुम्हाला माहितीचा."

"हो."

"काही विचारायचंय?"

"त्यांचा आवाज कसा आहे?"

बाई भली होती. "ते नाही सांगता येत मला."

*

माझा धंदाच पूर्वज शोधून द्यायचा. बोस्टनहून, मेलबर्नहून लोक येतात, रडतात, पणजोबाच्या थडग्यापाशी फोटो काढतात. मेलेल्यांचं बरं असतं, त्यांची परवानगी लागत नाही. आईचं माहेरचं नाव हाती आलं तशी मी मॅकगोल्ड्रिकांच्या चार पिढ्या वर गेले. बाप्तिस्मे, लग्नं, क्षय, बोटी. एकूण एक सापडले. जिवंत ती एकटी, आणि तिच्या गावाचा फाटा आला की मी गाडीचा वेग वाढवायची.

पण मयताच्या घरी कुणीही जावं, ही आमची रीत. का आलात असं विचारत नाहीत. रांगेत उभं राहायचं, घरच्यांचे हात हातात घ्यायचे, "फार वाईट झालं" म्हणायचं, पुढे सरकायचं. म्हणजे हा संपर्क नव्हे. रीत आहे.

गाडीत मी हेच घोकत होते. एकदा तिचा हात हातात. तीन शब्द. तिला कळणारसुद्धा नाही. बास.

*

अंगणात रांग. पिवळं जाकीट घातलेला शेजारी गाड्या लावून घेत होता. माझ्या पुढे दोघं.

"मॅटीने जन्मात एक कुंपण सरळ घातलं नाही."

"माणूस मात्र सरळ होता."

"होता ना. म्हणून तर त्याच्या मेंढ्या सगळ्या माझ्या रानात."

दार. ओसरी. खोली.

खिडकीशी उघडी शवपेटी, मॅटी निळ्या सुटात. मी त्याच्या हाताला बोट लावलं, लावायचं असतं म्हणून. मग खुर्च्या. आधी त्याचा भाऊ. मग ग्रॉन्या: गरम, ओला हात, हातात चुरगळलेला कागदी रुमाल, तोही माझ्या हाताला लागला. माझी बहीण. पुढे.

लहान हात. कोरडा. अंगठी सैल.

"फार वाईट झालं."

"आलात, बरं वाटलं," ती म्हणाली. वर न बघता. सगळ्यांना तेच म्हणत होती.

हा आवाज.

मिळालं. संपलं. निघायचं.

*

पण मयताच्या घरून चहा न घेता निघता येत नाही. नको म्हटलं. परत नको म्हटलं. तिसऱ्यांदा नको म्हणेपर्यंत शेजारणीने मला स्वयंपाकघरात बसवून हातात कप दिला होता.

शेगडीजवळच्या चांगल्या खुर्चीत पॅकी टिअर्नन. म्हातारा, शेजारी, पायात ठेवणीतले बूट.

"कुणाची गं तू?"

"मी इकडची नाही, काका."

"असं कुणी नसतं."

"मॅटींची ओळख होती. बाजारात."

"तोंड वर कर. उजेडाकडे." तो पुढे वाकला. "अरे देवा. टेसी, बघ, बघ इकडे! ही मॅकगोल्ड्रिकांची हनुवटी!"

"पॅकी, तिला चहा पिऊ दे." टेसी, सँडविच वाढणारी, माझ्याकडे वळून म्हणाली, "मनावर घेऊ नकोस गं. परवा ह्याने पोस्टमनला बिशपचा नातू ठरवला."

"होताच तो!"

हशा.

"जत्रेत गाय बघून मी तिची आजी सांगतो, माणसाचं काय घेऊन बसलात! अगं डिम्पना! डिम्पना! तुझ्या माहेरचं माणूस आलंय, आणि ह्या बायकांनी त्याला कोपऱ्यात बसवलंय!"

मी कप खाली ठेवला. उठले. दाराशी गर्दी.

गर्दी बाजूला झाली, कारण विधवा आत येत होती.

तिने माझ्या कपाळाकडे बघितलं नाही, डोळ्यांकडे नाही. हनुवटीकडे बघितलं. तीच हनुवटी तिलाही होती.

"हो," ती म्हणाली. "लीड्सची आहे. ह्यूकाकाकडची."

"मी काय सांगत होतो!" पॅकीने मांडीवर थाप मारली.

*

तिने माझा दंड धरला, मानाच्या पाहुणीचा धरतात तसा, आणि मागच्या दाराबाहेर आणलं. तिथे गॅसची टाकी, बादल्या, कुणाची तरी सायकल.

"तुला सांगितलं होतं ना त्यांनी?"

"हो."

"फोनवर?"

"हो."

"मग?"

"नुसता हात—"

"त्याला माहीत नव्हतं." तिने मान खोलीच्या दिशेने हलवली. "जन्मभर एका अंथरुणात झोपलो, आणि त्याला माहीत नव्हतं. आजचा दिवस तरी त्याचा राहू दे."

"मी कुणाला काही बोलले नाही."

"तू कशाला बोलशील? पॅकी बोलला." ती माझ्याकडे बघत होती. ती रागावलेली असती तर मला बरं वाटलं असतं. "तू वाईट नाहीस. कळतंय मला. चेहऱ्याला कोण काय करणार. पण परत यायचं नाही. उद्या चर्चमध्ये नाही. माझी वेळ येईल तेव्हाही नाही."

"तेव्हा तर—"

"तेव्हाही नाही. पॅकी नसेल, पण दुसरा कुणी असेल. आणि ग्रॉन्या खुर्चीत बसलेली असेल, एकटी."

 

*

मागचं दार उघडलं. ग्रॉन्या, रडून सुजलेली, हातात मोबाइल.

"आई, लीड्सची कोण? टेसी म्हणाली! देवा, तुम्ही खरंच आलात? मी आपली वंशावळ करतेय हो, तीन वर्षं. बाबांना ऐकवायची रात्री जेवताना, ते बिचारे पेंगायचे. ती लीड्सची फांदी मला सापडतच नव्हती!"

"अगं, आत्ता कुठे—" आई म्हणाली.

"एक मिनिट फक्त. नाव सांगा ना. जिवंत माणसांची नावं साइटवर बाहेरच्यांना दिसत नाहीत, काळजी करू नका. नुसतं 'खाजगी' असं येतं."

आई माझ्याकडे बघत होती. फोनवरच्या बाईने जे नीट समजावून सांगितलं होतं, ते आता तिच्या डोळ्यांत होतं.

ह्यू मॅकगोल्ड्रिक मला माहीत होता. मीच शोधला होता. इंग्लंडात बांधकामावर परांचीवरून पडला, अविवाहित, लीड्सच्या दफनभूमीत खुणेचा दगडसुद्धा नाही. त्याच्या नंतर काही नाही. रेघ तिथे संपते.

"मी ह्यूची नात," मी म्हणाले.

"पण ह्यूचं लग्न झालं नव्हतं असं मला—"

"झालं होतं. मेयोची होती बायको. सेलिया. सेलिया जेनिंग्ज."

"होय होय, सेलिया," आई म्हणाली.

"एक मुलगा. ह्यू गेला तेव्हा पोटात होता."

"टॉम ना?" आई म्हणाली.

"टॉम. माझे वडील."

ग्रॉन्या भराभर बोटं चालवत होती. मी सेलियाला चर्च दिलं, वर्ष दिलं, टॉमला गिरणीत नोकरी दिली. सगळं जुळत होतं. अडखळायला कुठे जागा ठेवली नाही, उद्या कुणी तपासलं तरी शंका येणार नाही असं. आयुष्यभर लोकांची अशी खोटी पणजीपणजोबांची जोडपी मी शोधून खोडून टाकली होती. आई प्रत्येक नावावर मान डोलवत होती. मध्येच म्हणाली, "टॉमला खोकला होता फार." मी म्हटलं, "हो, हिवाळ्यात." आम्ही दोघींनी मिळून केलेलं एवढंच.

"म्हणजे आपण कोण लागतो एकमेकींच्या?" ग्रॉन्याने विचारलं.

"तुझी आई आणि माझे वडील चुलत भावंडं. म्हणजे चुलत मामेबहीण."

"अरे, मग जवळचीच की!"

"नाही गं, लांबची," आई म्हणाली. "चल. रांग थांबलीय."