सल्लागार मंडळाची न उठलेली सभा

समोरून येणाऱ्या हिरव्या ट्रकला वेस्लीने सवयीने हात केला, चालकानेही स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली, आणि ट्रक धूळ उडवत उताराला लागल्यावर वेस्लीच्या ध्यानात आलं, की या क्लिफर्ड यंगला आपण मंगळवारीच पुरून आलो आहोत.

हात केला ते बरंच झालं. समोरच्याला हात न करणं आमच्या बेटावर शिवी दिल्यासारखं असतं, आणि क्लिफर्ड मनात ठेवणारा माणूस.

महिन्यातला पहिला गुरुवार होता, दुपारचे अडीच. ट्रक गेला तो खाली धक्क्याच्या दिशेने, जुन्या सल्लागार मंडळाच्या खोलीकडे. सभेची वेळ तीनची. जिवंत असताना क्लिफर्ड एकदाही वेळेवर पोचला नव्हता; मेल्यावर मात्र दोनच दिवसांत त्याला शिस्त लागली होती.

वेस्ली नॉब्ज हा काही मोठा माणूस नव्हे. सिडनीहून जहाज यायचं, खोल पाण्यात उभं राहायचं, आणि त्यातला माल पडावात उतरवून धक्क्यावर आणायचा, हे काम त्याने चाळीस वर्षं केलं. पिठाची पोती आणली, पियानो आणले, एकदा तर लाटा फार म्हणून एका बिशपला रिकाम्या पिंपात बसवून आणलं. त्यातली नऊ वर्षं तो मंडळावर निवडून आलेला सदस्य होता. निवडून आलेले आठ जण, आणि अध्यक्षस्थानी कॅनबेराहून नेमून आलेले प्रशासक. मंडळाने सल्ला द्यायचा, प्रशासकांनी त्यावर ‘नोंद घेतली’ असं लिहायचं, एवढाच त्या राज्यकारभाराचा पसारा. ठराव मांडायचा नेहमी क्लिफर्ड. त्याच्या तोंडाळपणामुळे बाकी कुणी त्याला अनुमोदन देत नसे, आणि अनुमोदनाशिवाय ठराव पडतो असा नियम. म्हणून वेस्ली द्यायचा. एकसष्ट ठराव, एकसष्ट वेळा ‘माझं अनुमोदन’. गावाने त्याचं नावच ‘दुजोरा’ पाडलं, आणि बेटाच्या टेलिफोनच्या यादीतही तो त्याच नावाने छापला गेला. एकसष्टांपैकी एकच ठराव प्रत्यक्षात उतरला, धक्क्यावरची मुतारी. ती पुढच्या वादळात वाहून गेली.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या शेवटच्या सभेत सातवा विषय निघाला. समुद्राकडच्या स्मशानभूमीत फक्त बेटावरच्या मूळ घराण्यांतल्यांनाच जागा मिळावी, बाहेरून आलेल्यांना नाही, असा ठराव क्लिफर्डने मांडला आणि सवयीने वेस्लीकडे पाहिलं. वेस्लीची बायको आयव्ही न्यूझीलंडची. वेस्ली गप्प राहिला. सगळी खोली त्याच्याकडे बघत असतानाच तार आली: मंडळ बरखास्त, यापुढे नवी व्यवस्था. प्रशासकांनी ती वाचली, घडी केली, टोपी घातली आणि निघून गेले.

‘सभा संपली’ हे शब्द म्हणायचे राहिले.

दुसरीकडची माणसं हसली असती आणि घरी गेली असती. पण आमच्याकडे आशीर्वाद म्हटल्याशिवाय चर्चमधून कुणी उठत नाही, आणि घरातल्या थोरल्याने ‘या आता’ म्हटल्याशिवाय मयतीहून पाय निघत नाही. आठही जण दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. मग भूक लागली तसे एकेक करून, एकमेकांकडे न बघता सटकले.

दोन वर्षांनी रूबेन अॅडम्स खडकांवर मासे धरताना बुडाला. पुढच्या पहिल्या गुरुवारी त्याची खुर्ची टेबलापासून ओढलेली आणि बैठक ओलीचिंब सापडली. खोली झाडणाऱ्या विल्माला आधी छप्पर गळतंय असं वाटलं. मग तिने बोट लावून चाखलं, तर खारट. त्यानंतर बेटावर मंडळाचा एकेक सदस्य गेला, की एकेक खुर्ची मागे सरकायची. विल्माने हे कुणालाही सांगितलं नाही, म्हणजे आठवड्याभरात सगळ्या बेटाला कळलं.

वेस्लीला याचं एरवी काही वाटलं नसतं. पण क्लिफर्डला पुरलं मंगळवारी, आणि बुधवारी सकाळी फुलं घेऊन स्मशानभूमीत गेला तर आयव्हीच्या थडग्याचा दगड फाटकाच्या बाजूला कलला होता. त्याने पहार लावून तो सरळ केला. आज सकाळी दगड पुन्हा कललेला, आणि वितीएवढा पुढे सरकलेला. गवतावर ओरखडा नाही. आयव्हीच्या डाव्या हाताची जागा त्याने स्वतःसाठी राखली होती. डॉक्टरांनी नुकतंच त्याचं हृदय ऐकून, मोठा मासा आता दुसऱ्याला उचलू द्या, असं सांगितलं होतं. म्हणजे त्याचेही फार गुरुवार उरले नव्हते. या दगडाची चाल अशीच राहिली, तर तो जाईपर्यंत आयव्ही कुंपणाबाहेर पोचली असती, आणि तो स्वतः त्या खोलीत आठव्या खुर्चीवर.

आधी तो मागे वळून मंडळाच्या खोलीवरच्याच मजल्यावर नव्या प्रशासकांकडे गेला. सज्जन माणूस. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि समजावलं, की मंडळ कायद्याने कधीच बंद झालंय, तेव्हा त्याची सभा चालू असण्याचा प्रश्न येत नाही.

“मंडळ बंद झालं, साहेब,” वेस्ली म्हणाला, “सभा नाही झाली. तुम्ही खाली येऊन दोन शब्द बोललात तर काम होईल.”

प्रशासकांनी लेखी अर्ज मागितला. वेस्लीने तिथेच चार ओळी लिहून दिल्या. त्यांनी कोपऱ्यात ‘नोंद घेतली’ असं लिहिलं आणि हात मिळवला.

तीनला पाच कमी असताना तो खाली आला. विल्मा दारात बादली घेऊन उभी होती. ती क्लिफर्डची पुतणी.

“आत नका जाऊ, काका,” ती म्हणाली. “आज सातही आलेत.”

“तुझा चुलता?”

“बूट न पुसता. ही एवढी लाल माती.”

आत कुणी दिसत नव्हतं. सात खुर्च्या मागे ओढलेल्या, रूबेनच्या खुर्चीखाली थेंब टपकत होते, आणि क्लिफर्डच्या जागेसमोर थडग्यातली ताजी माती सांडली होती. आपल्याबद्दल चाललेलं बोलणं आपण आत शिरताच थांबावं, तशी शांतता होती. वेस्लीने आपली खुर्ची ओढली आणि बसला. टेबल बर्फासारखं गार होतं. सातही जागा आपल्याकडे वळल्याचं त्याला मानेवर जाणवलं.

एकसष्ट वेळा जे शब्द आपोआप तोंडातून निघाले होते, ते आताही जिभेवर येऊन बसले. ते म्हटले असते तर क्लिफर्ड खूश झाला असता, सगळे उठले असते, आणि आयव्ही बाहेर गेली असती.

“सातवा विषय,” वेस्ली म्हणाला. “क्लिफर्ड, माझं अनुमोदन नाही.”

भिंतीत काहीतरी कडकन वाजलं. दारातल्या विल्माने बादली छातीशी धरली.

“तेव्हाच म्हणणार होतो. धीर झाला नाही. तार आली आणि मी देवाचे आभार मानले, एवढा मी भित्रा. तुझ्या पायाला जखम झाली तेव्हा तीन महिने रोज कोण धूत होतं ती? तुझ्या मूळ घराण्यातलं कुणी? आयव्ही धूत होती. नाही म्हणजे नाही. अनुमोदन नाही, ठराव पडला. अध्यक्ष नाहीत, हयात सदस्य मी एकटा, तेव्हा मीच सांगतो. सभा संपली. या आता.”

मग रूबेनची खुर्ची हलकेच आत सरकली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. जेवण आटोपल्यावर घरची माणसं सारतात, तशा. सहा झाल्या. क्लिफर्डची जागची हलेना. वेस्ली तिच्याकडे बघत राहिला. नजर काढून घ्यायची नाही एवढंच त्याने ठरवलं होतं. घड्याळात सव्वातीन झाले, साडेतीन झाले.

“काका,” विल्मा हळूच म्हणाली, “त्यांना हट्टच फार.”

“असू दे. मला घाई नाही.”

चारच्या सुमाराला ती खुर्ची एक बोटभर सरकली, थांबली, आणि मग एकदम आत गेली.

खोलीत ऊन आलेलं होतं, ते आता दिसलं. विल्मा झाडू घेऊन पुढे झाली. ती माती सुपात भरणार, तोच वेस्लीने तिला थांबवलं. सावकाश गुडघ्यांवर बसून त्याने माती दोन्ही हातांनी गोळा केली, रुमालात बांधली, आणि टेबलाचा आधार घेऊन उठला.

“कुठे नेताय?” विल्माने विचारलं.

“त्याची आहे,” वेस्ली म्हणाला, आणि स्मशानभूमीच्या रस्त्याला लागला.