लहरियाच्या पडद्याआड

जयपूरच्या छावणीत दर रविवारी मी फौजी घरांतल्या मुलांना मराठी शिकवते. गणपती जवळ आले तेव्हा म्हटलं, यंदा बालमंडळाचा प्रमुख मुलांनीच निवडावा. मतदान म्हणजे काय तेही कळेल. उभे राहिले दोघे: कर्नलसाहेबांचा निलय आणि एका हवालदाराची कीर्ती.

"हात वर करा," म्हटलं, तर सगळ्यांनी आधी निलयकडे पाहिलं आणि मग झाडून सगळे हात त्याच्यासाठी वर. कीर्तीचासुद्धा! मी कपाळावर हात मारला. बापांचे हुद्दे पोरांच्या अंगात इतके मुरलेले. निलय बिचारा स्वतःच ओशाळला.

मग मी माझी लहरिया ओढणी दारात बांधली, तिच्याआड चिठ्ठ्या टाकायला बुटांचं रिकामं खोकं ठेवलं आणि बजावलं, "एकेकानं आत जायचं. कुणाला मत दिलं ते कुणालाही सांगायचं नाही. मलाही नाही."

कीर्ती दणक्यात निवडून आली. पहिली टाळी निलयनं वाजवली.

संध्याकाळी सगळ्यांना कचोऱ्या वाटताना कर्नलसाहेबांनी हसत हसत अनुयाला विचारलं, "काय गं, आमच्या निलयला मत दिलंस की नाही?" अनुया म्हणजे त्यांच्या ड्रायव्हरची, सर्जेरावांची मुलगी. सर्जेराव शेजारीच ताठ उभे. "सांग की बाळा, साहेब इचारत्यात."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पोरगी सुटली असती. खरं-खोटं कोण बघायला जाणार होतं? माझ्या शिकवणीपायी तिच्या बापाला बोलणी बसायला नकोत, एवढंच मनात येत होतं.

अनुयानं हातातली कचोरी खाली ठेवली. "सर, मतलब... ते गुपित असतं. कुणालाच नाही सांगायचं."

सर्जेरावांचे कान लाल झाले.

"चुकलं माझं," साहेब म्हणाले. "मी विचारायलाच नको होतं." मला त्यांचंही कौतुक वाटलं. पण त्या एवढ्याशा पोरीचं जास्त.

घरी जाताना बापलेक माझ्या पुढेच चालले होते. सर्जेराव हळूच म्हणाले, "मला तरी सांग की गं."

"पप्पा, तुम्हालापण नाही."

सर्जेराव थांबले. आजूबाजूला कुणी नाही असं वाटून त्यांनी टाचा जुळवल्या आणि आपल्या लेकीला कडक सलाम ठोकला.