ओटी भरल्यावर

जिन्यात फिनेलचा वास होता आणि भिंतीवर खडूनं लिहिलं होतं : टाकी धुतली, सोमवार. सौदामिनीनं ते वाचलं आणि मनात हात जोडले. आई भवानी, हेच घर दे.

नांदेडच्या स्टेशनापासून सात मिनिटं, तीही पायी. ती उमरीच्या शाळेत शिकवत होती. सध्याच्या खोलीवरून स्टेशनवर दोन ऑटो बदलून यावं लागे, आणि सकाळची गाडी तिची वाट पाहायची नाही. तीन वेळा चुकली होती. चौथ्यांदा चुकली तर नोटीस, असं मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं होतं.

घरं तिनं कमी पाहिली नव्हती. कुठं भिंतीला ओल, कुठं नळ नावाला. आणि जिथं सगळं ठाकठीक, तिथं एकच प्रश्न : साहेब कुठं असतात?

इथं तिनं एकेक नळ सोडून पाहिला. भरभरून धार, बंद केला की थेंब नाही. खिडक्यांच्या कड्या बोटानं लागत होत्या.

"तुमच्यासाठीच धावपळ करून राहिलो, ताई," एजंट व्यंकटी जिना उतरताना कुजबुजला. "खाली फक्त गप ऱ्हावा. बोलायचं काम माझं."

गप का, ते खाली कळलं. घरमालक साहेबराव कराराचा कागद पुढ्यात घेऊन बसले होते, आणि त्यांच्या बायकोनं, केवळाबाईंनी, ताट आणलं होतं. हळदकुंकू, नारळ, खण, तांदूळ. पहिल्यांदा उंबऱ्यात आलेल्या सवाशिणीला रिकाम्या ओटीनं पाठवायची रीत त्या घरात नव्हती.

"साहेब दुबईला असतेत म्हणं?" केवळाबाईंनी कुंकवात बोट बुडवलं. "लई लांब गं माय!"

व्यंकटी पंख्याकडं बघू लागला.

नुसतं हसलं असतं तरी घर पदरात पडलं असतं. सौदामिनीचा आवाज कधी चढायचा नाही, तो आताही चढला नाही.

"काकू, दुबईला कुणी नाही. मी नवरा सोडलाय. लातूरच्या कोर्टात निकाल लागून चार वर्षं झाली."

केवळाबाईंचं बोट हवेतच राहिलं. "आणि मग हे कपाळाला?"

"ते देवीचं. रोज पाठ झाला की लावते. त्याच्या नावाचं कधीच नव्हतं."

"व्यंकटी, काय रे हे?" साहेबराव गुरगुरले.

"मामा, शेजारपाजाऱ्यांना दुबईच सांगू की! कोण तिकीट काढून बघायला चाललंय?"

"हाव, तसंच सांगू," केवळाबाई घाईनं म्हणाल्या. "पोरगी चांगली दिसून राहिली. तू फक्त हाव म्हण, बाई."

"न्हाई म्हणते, काकू. सकाळी देवीपुढं बसायचं आणि दारात खोटं बोलायचं, माझ्यानं होणार नाही. घर देऊ नका. पण बुडवलेलं बोट पुसू नका. लावा, नाहीतर तुला कुंकू लावायचं नाही असं तोंडावर सांगा."

आणि ती कपाळ पुढं करून उभी राहिली. ना विनवणी, ना डोळ्यांत पाणी.

उचललेलं कुंकू परत करंड्यात टाकायचं? आजवर त्या घरात असलं झालं नव्हतं. केवळाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, देव्हाऱ्याकडं पाहिलं, आणि टेकवलं बोट. मग नारळ, खण, तांदूळ, सगळंच पदरात घातलं.

"झालं आता," त्या धापकन खुर्चीत बसल्या. "ओटी भरली म्हणजे लेक झाली. लेकीला घर न्हाई म्हणू का? लिहा हो तुम्ही."

"अगं, लोक..."

"लोकांचं मी बघते. लिहा!"

साहेबरावांनी पेन उघडलं. पतीचं नाव, या रकान्याशी ते अडले. "इथं रेघ मारतो."

"रेघ नको, काका," सौदामिनी हलकेच म्हणाली. "घटस्फोटित लिहा. पूर्ण अक्षरात."

आणि ते लिहून होईपर्यंत, भरली ओटी सांभाळत, ती कागदावर वाकून पाहत राहिली.