महाराजांच्या कॅसेटीला कुंकू

बोरीच्या बन्सीधरनं घरातच कीर्तनांचं भांडार उभं केलं होतं. धान्याची जुनी कोठी पुसून आत फळ्या ठोकल्या, फळ्यांवर कॅसेटी लावल्या, आणि टेपपासून तारा ओढून शेजारच्या घरांत स्पीकर बसवले. त्यानं सकाळी बटण दाबलं की शेजारच्या कडूबाईच्या चुलीपाशीही मृदंग वाजायचा. दोन टेप तारेनं जोडून तो प्रत्येक कॅसेटीची प्रत करी आणि ती चारठाण्याला मेव्हण्याकडं ठेवी. घराला आग लागली तरी कीर्तन जळू नये, एवढाच हेतू.

दत्तराव महाराजांच्या शेवटच्या कीर्तनाची प्रत मात्र राहिली. कापूस वेचणीच्या धांदलीत आज करू, उद्या करू झालं, अन् महाराज गेले. आता त्यांच्या पत्नी पार्वतीबाई तेच कीर्तन ऐकायला पाथरीहून दुपारच्या एसटीनं यायच्या होत्या, आणि बन्सीधरच्या हातातली कॅसेट लालभडक होती.

दसऱ्याला त्याच्या बायकोनं, सत्यशीलेनं विळे, कुदळ, वखराची पास सगळं पुजलं. नवऱ्याचं हत्यार ते हेच, म्हणून कॅसेटींनाही ओलं कुंकू लावलं. बाकीच्यांना एकेक टिकली. महाराजांची तेवढी मायेनं माखली. कुंकू भोकातून उतरून आतल्या फितीला चिकटलं होतं.

“देवाचं नाव हाय त्याच्यात,” ती हळूच म्हणाली. “कोरडंच कसं ठेवावं?”

बन्सीधरला तिच्यावर चिडताही येईना. आळस आपला, अन् बोल बायकोला कसा लावावा? त्यानं स्क्रू काढले, धोतराच्या मऊ टोकानं फीत वीत-वीत पुसली, दुसऱ्या कॅसेटीच्या रिकाम्या डबीत गुंडाळली. फीत ठिकठिकाणी चिरली होती. एकदा धावली तर धावली. म्हणजे वाजवतानाच प्रत घ्यायची.

पार्वतीबाई आल्या. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देतानाच त्यानं सांगून टाकलं.

“काकू, एकदाच वाजंल. तेवढंबी होईल का, सांगता येत न्हाई.”

“वाजीव. गावोगाव हिंडायचे ते. मला तरी कुठं दोनदा घावले?”

त्यानं दोन टेप तारेनं जोडून दोन्हींची बटणं दाबली. महाराजांचा आवाज निघाला तसे बन्सीधरचे हात आपोआप जोडले गेले. डोळे मात्र फिरत्या चकतीवरून हलेनात. निरूपण रंगात आलं आणि आवाज एकदम बुडाला. नुसती खरखर. 

तेव्हा पार्वतीबाई बोलू लागल्या, महाराजांच्याच ठेक्यात. “देव धुंडायला निघालास बाबा, पण दारातल्या पाव्हण्याला पाणी इचारलंस का?”

त्यांनी हे घरी किती वेळा ऐकलं असेल! पण प्रतीत ते उतरत नव्हतं. तारेतून नुसती खरखर चालली होती. बन्सीधरनं जीव मुठीत धरून तार उपसली. तार निघाली की दुसरा टेप आपल्या कानानं, म्हणजे अंगच्या माईकनं ऐकतो, खोलीत होईल ते सगळं घेतो. पार्वतीबाई मध्येच खोकलल्या, पुन्हा बोलल्या. मग महाराजांचा आवाज परत आला आणि त्या पदर तोंडाशी धरून गप्प झाल्या.

तार पुन्हा लावायला त्याचा हात धजेना. शेवटचा गजर सुरू होताच जुनी फीत तुटली.

त्यानं घाबरत घाबरत प्रत मागं फिरवून लावली. आधी महाराज, मग खरखर, मग बाईंचा आवाज, मग पुन्हा महाराज.

पार्वतीबाई कान देऊन ऐकत होत्या. “मधीच खोकलले बघ मी,” त्या म्हणाल्या. “तेवढं पुसता येईल का रे?”

“न्हाई काकू,” बन्सीधर म्हणाला. “आता ह्यातलं काहीच पुसायचं न्हाई.”