येतो म्हणून गेला गडी

संयोगिताला फक्त झोप हवी होती. देवाकडं मागायच्या बाकीच्या गोष्टी तिनं केव्हाच सोडून दिल्या होत्या. माधवनगरच्या त्या दोन खोल्यांत सकाळचं दूध यायच्या आधी आण्णांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, गळा सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत थांबायचा नाही. ‘येतो म्हणून गेला गडी’ ही एवढीच ओळ. पुढची त्यांना आठवत नसे, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाऊ द्या, सगळं विसरलं तरी गाणं शेवटपर्यंत राहतं. डॉक्टरांचं काय जातं सांगायला, ऐकायला ते थोडेच येणार होते! नवरा ऋषिराज फौजेत, तिकडं बर्फात. फोनवर ‘आण्णांना सांभाळ’ म्हणायचा आणि ती ‘व्हय’ म्हणायची.

गंमत अशी, की तिला काम मिळालं होतं तेही आण्णांच्या गाण्यांमुळंच. पुण्यातली काही मंडळी पोरांसाठी पत्त्यांचा नवा खेळ काढत होती, पटावर गडी मांडून खेळायचा. प्रत्येक पत्त्याला एका जुन्या गाण्याचं नाव, त्या नावाला शोभेल असं चित्र, आणि खाली त्याची चाल, म्हणजे तो पत्ता टाकला की डावात काय घडतं ते. गाणी मात्र कुणाच्या मालकीची नकोत, असं त्यांनी बजावलं होतं. आण्णा तरुणपणी गावच्या मेळ्यात गायचे, आणि कधीच कुठं न छापलेली अशी गाणी त्यांच्यापाशी पोत्यानं होती. विचारलं, की ते एखाद्या गाण्याचं नाव सांगायचे, ती चित्र काढून चाल रचायची.

पहिला पत्ता झाला ‘चांदण्याची गोधडी’. चाल अशी, की हा ज्या गड्यावर टाकाल त्याला त्या डावात कुणी मारू शकत नाही. पत्ता पुरा झाल्यावर तिनं आण्णांना ते गाणं म्हणायला सांगितलं, तर ते म्हणाले, “कुठलं गं? असलं गाणं आमच्यात नव्हतंच.” वय झालं की असं व्हायचंच, म्हणून तिनं ते सोडून दिलं.

पण त्याच आठवड्यात शेजारच्या जरिनाचाची आल्या. गल्लीभर गोधड्या शिवून देणारी बाई. बोटाला कायमचे सुईचे घट्टे. हातातली घडी पुढं करून म्हणाल्या, “आण्णांसाठनं शिवलंय. त्ये आपलं ह्ये... काय म्हणत्यात गं ह्याला?”

“चाची, सारा जन्म शिवताय आन् मला इचारताय व्हय?” संयोगिता हसली, आणि नाव सांगायला तिनं तोंड उघडलं तर तिलाही ते आठवेना. शेवटी ‘पांघरूण’ म्हणून त्यांनी ते मिटवलं आणि चहा घेतला. चाची गेल्यावर तिनं तो पत्ता काढून पाहिला. अक्षर तिचंच होतं, वाचताही येत होतं, पण ते कशाचं नाव, ते काही केल्या उमगेना. तिला भीती वाटली. बरेच दिवस तिनं ब्रश हातात धरला नाही.

भीती फार दिवस टिकायला माणूस ताजातवाना असावा लागतो. आण्णांचं चालूच होतं. जेवताना घास तोंडात असला तरी ओळ बाहेर यायची, अंघोळीच्या पाण्याबरोबर यायची. हळूहळू तिच्या मनानं घेतलं, की पत्त्यावर गेलेलं गाणं आण्णांच्या तोंडून जातं. आता एका गाण्यावाचून कुणाचं काय अडणार होतं? आपल्याच विचाराची तिला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच एका दुपारी ती कागद घेऊन बसली.

तिनं उंबरा काढला, उंबऱ्याबाहेर पाठमोरा गडी काढला. वर आण्णांच्या त्याच ओळीचं नाव घातलं. खाली चाल लिहिली, ‘आपला एक गडी पटावरून उठतो.’ पुढचं वाक्य मनात तयार होतं, की पुढच्या डावात तो परत येऊन बसतो. पण तेवढ्यात घर गप्प झालं. आण्णा खाटेवर तोंड मिटून खिडकीबाहेर बघत होते. त्या शांततेत तिनं कागदाशेजारी डोकं टेकलं आणि लग्नानंतर लागली नव्हती अशी झोप तिला लागली. उठली ती पुण्याच्या फोननंच. घाईघाईनं होतं तसं चित्र तिनं पाठवून दिलं.

त्यानंतरचे दिवस सुखाचे गेले. सुंठीवाचून खोकला गेला, असंच तिला वाटत होतं. एकदा जरिनाचाची चहा पिऊन उठल्या आणि म्हणाल्या, “चल, जाते मी.” संयोगिता म्हणाली, “जावा.” मग उगाचच तिला दातात उसाचा चोथा अडकल्यासारखं वाटत राहिलं, दिवसभर.

ऋषिराज सुट्टीवर आला, पोटभर झोपला, शांत घर बघून खूश झाला. सुट्टी संपली त्या सकाळी, रिक्षाची वाट बघत त्यानं पुण्याहून छापून आलेले पत्ते चाळले.

“येतो म्हणून गेला गडी,” त्यानं वाचलं. “आगं, ह्ये काय? येतो म्हणतोय आन् जातोय कसा? खोटारडाच दिसतोय.”

“जुनं गाणं असंल एखादं,” ती म्हणाली. तिलाही अर्थ लागत नव्हता.

“आन् ह्यो पटावरनं उठतोय, मग परत कवा बसतोय?”

“ते लिहायचं ऱ्हायलं,” ती म्हणाली, आणि तिनं तो पत्ता त्याच्या हातातून काढून घेतला.

रिक्षा आली. त्यानं आण्णांच्या पायावर डोकं ठेवलं, पिशवी खांद्याला मारली आणि उंबरा ओलांडून वळला. “बरं, जातो मी.”

तिला वाटलं, याला असं सोडू नये. अशा वेळी याच्याकडून काहीतरी वदवून घ्यायचं असतं. सासूबाई होत्या तेव्हा वदवून घ्यायच्या, त्याशिवाय पोराला पायरी उतरू द्यायच्या नाहीत. साधं, छोटं, रोजचं काहीतरी. तिनं त्याची बाही धरली, आठव आठव आठवलं. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. तिनं बाही सोडली.

“जावा,” ती म्हणाली.

रिक्षा वळणाआड गेली, आवाज विरला. कितीतरी दिवसांनी आण्णांचे ओठ हलले. ते गाणार, या आशेनं ती धावत खाटेपाशी गेली.

“सूनबाई,” दाराकडं बघत आण्णांनी विचारलं, “कोण गेलं गं?”